धार्मिक या रकान्यातलं भूत

काकासाहेब म्हेत्र्यांनी त्या फॉर्मवर खूण केली ती पूर्ण शुद्धीवर असताना, चष्मा लावून, आणि एकवीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव पणाला लावून. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे मिरजगावात ‘साहेबांच्या तेव्हा अंगात ताप होता’ अशी एक बातमी फिरली, आणि ती फिरवण्यात खुद्द त्यांच्या पत्नीचा, सत्यशीलाबाईंचा हात होता.

फॉर्म गावच्या वाचनालयाचा. भेट म्हणून द्यायचं पुस्तक ‘तेराव्या पायरीवरचा विहान’. लेखिका कुमारी संस्कृती काकासाहेब म्हेत्रे, इयत्ता बारावी. पुस्तकाचा विषय सांगायला फॉर्मवर चार रकाने होते: शेती, आरोग्य, धार्मिक आणि इतर. आता या कादंबरीत शेती नव्हती. नायक पहिल्या पानाच्या आधीच मेलेला असल्यामुळे आरोग्याचाही प्रश्न नव्हता. राहता राहिलं ‘इतर’. पण काकासाहेब तालुक्याच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते, आणि ‘इतर’मध्ये गेलेला कागद पुन्हा सूर्यप्रकाश बघत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी स्वतःच्या हातांनी असे शेकडो कागद तिथे निजवले होते. तेव्हा भूत आहे म्हणजे आत्मा आला, आत्मा आला म्हणजे धर्म आलाच, असा सरळ हिशेब करून त्यांनी ‘धार्मिक’वर खूण केली आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.

पुस्तकाबद्दल खरं बोलायचं तर ते काही चांगलं नव्हतं. कायरा नावाची पुण्याची मुलगी भंडारदऱ्याला मावशीच्या जुन्या बंगल्यावर राहायला येते. बंगल्यापासून तलावात उतरणाऱ्या पायऱ्या असतात. तेराव्या पायरीवर तिला निळ्या डोळ्यांचा एक मुलगा भेटतो. त्याचा हात गार लागतो. दीडशे पानं तो हात गारच राहतो. तो चाळीस वर्षांपूर्वी तलावात बुडून मेला आहे हे वाचकाला चौथ्या पानावर कळतं आणि कायराला एकशे बाराव्या. दोघांचं प्रेम बसतं. भंडारदऱ्याला बर्फ पडतो. बंगल्यावर स्वयंपाक करणारी एक म्हातारी रोज तेराव्या पायरीवर भाकरी ठेवून जाते, ती का ठेवते ते कुणी विचारत नाही. आणि विहानला पाण्यात कोणी ढकललं, हे आता सांगणार तोच ‘धुक्यानं सगळं गिळून टाकलं’ असं वाक्य येतं आणि पुस्तक संपतं.

हा शेवट नव्हताच. संस्कृती म्हणाली होती, “पप्पा, शेवट अजून व्हायचाय.” पण काकासाहेबांनी नगरच्या छापखान्याची तारीख घेऊन ठेवली होती आणि प्रकाशनासाठी हॉलही धरला होता. ते म्हणाले, “शेवटाचं काय एवढं, दुसऱ्या आवृत्तीत घालू.” मग पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे पलंगाखाली जाऊन बसले आणि तिथेच राहिले.

शेजारचे सहादेव तात्या एसटीचे निवृत्त कंडक्टर. सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. ते म्हणाले, “काकासाहेब, गाडी स्टँडात हुभी ऱ्हायली तर शीट भरत न्हाई. रस्त्यावर काढा, कुनी ना कुनी चढतंच.” म्हणून काकासाहेबांनी लग्नात आहेर म्हणून पुस्तक द्यायला सुरुवात केली. एका नवरीच्या आजीने मुखपृष्ठावरचं भूत पाहून अपशकुन म्हणून नातीच्या अंगावरून मीठमोहरी ओवाळली आणि पुस्तक मांडवाबाहेर ठेवून दिलं. मग काकासाहेब हायस्कूलमध्ये गेले. मुख्याध्यापक म्हणाले, पुस्तकात भूत आहे, उद्या अंधश्रद्धा पसरवली म्हणून कुणी तक्रार केली तर? सदर भूत खरं नसल्याचं लेखी पाहिजे. काकासाहेबांनी तेही केलं. ‘सदर कादंबरीतील भूत पूर्णतः काल्पनिक असून ते कोणाच्याही नात्यातील नाही’ असं प्रतिज्ञापत्र करून आणलं. तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, भुताचं मिटलं, आता प्रेमाचं काय करायचं?

इथपर्यंत ठीक होतं. अपमान गिळायची काकासाहेबांना सवय होती. पण एके दिवशी मोबाईलवर, पुस्तकांच्या एका साइटवर, कुणा अनोळखी वाचकाने पुस्तकाखाली लिहिलं: ‘निराशाजनक. भूत थंड, प्रेम त्याहून थंड, रहस्य बेपत्ता.’ संस्कृतीने ते वाचलं. रडली नाही, चिडली नाही. लिहायच्या तीन वह्या उचलल्या, कपाटावर ठेवल्या आणि रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं. सातवीपासून जेवताना, न्हाताना, बसमध्ये गोष्टी पुटपुटणारी पोर गप्प झाली. ‘भूक नाही’, ‘अभ्यास आहे’, ‘काही नाही’, एवढ्या तीन वाक्यांवर घर चालायला लागलं. काकासाहेबांना पहिल्यांदा भीती वाटली. ती वाचनालयाची खटपट त्या भीतीपोटीच होती. गावातल्या एका माणसाने, फक्त एका माणसाने ते पुस्तक वाचून बरं म्हणावं आणि पोरीने वह्या खाली काढाव्यात, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

श्रावण लागला. मिरजगावात श्रावणात पाऊस येईलच असं काही नाही, पण पोथी लागतेच. दुपारी दोन ते चार बायका मारुतीच्या सभामंडपात जमतात. पोथीला दोन माणसं लागतात, एक वाचणारी आणि एक अर्थ सांगणारी. वाचणारी थोडं वाचते आणि थांबते. अर्थ सांगणारी त्याचा अर्थ सोडवून सांगते. अर्थ सांगायचा मान गोजरबाईंचा. वय पंचाहत्तर, अक्षरओळख नाही, निम्मं आयुष्य ऊसतोडीच्या फडांवर गेलेलं. वाचायची ती त्यांची नातसून स्नेहल, बीए झालेली.

त्या वर्षी नेहमीच्या पोथीला वाळवी लागलेली निघाली. स्नेहल वाचनालयात गेली. तिथल्या माणसाने ‘धार्मिक’चं कपाट उघडलं. दोन पोथ्या बाहेर गेलेल्या, एकीची पानं निसटलेली. चौथं पुस्तक नवं कोरं होतं आणि त्यावर ‘धार्मिक’ असा गोल शिक्का होता. नावात पायरी होती. स्नेहलला वाटलं, मोक्षाची असेल. पुस्तक लाल फडक्यात बांधलं गेलं, चौरंगावर बसलं, त्याला हळदकुंकू लागलं. गोजरबाईंनी हातात पाणी घेऊन संकल्प सोडला: सात दिवसांत पोथी पुरी करू, सातव्या दिवशी गावाला आमटी-भाताचा प्रसाद घालू. आणि मगच स्नेहलने पहिलं पान उघडलं.

एकदा संकल्पाचं पाणी सुटलं की पोथी अर्धी सोडता येत नाही. त्यात विहान निघो नाहीतर आणखी कुणी.

तिसऱ्या दिवशी सहादेव तात्या कुंपणावरून म्हणाले, “काकासाहेब, तुमच्या संस्कृतीचं भूत देवळात वाचत्यात. मारुतीरायाफुडं.”

काकासाहेब स्कूटर काढून सुटले. वाटेत त्यांनी माफीनाम्याचा मसुदाही मनात तयार केला, ‘सदर चूक अनवधानाने’ वगैरे. देवळात पोचले तर पन्नास-साठ बायका सतरंजीवर बसलेल्या, आणि सगळ्यांची नजर स्नेहलच्या हातातल्या पुस्तकावर. काकासाहेब खांबाआड उभे राहिले.

स्नेहल वाचत होती, “विहानचे डोळे निळे होते. इतके निळे, की त्यात आख्खं आकाश बुडालं असतं. तो म्हणाला, कायरा, मला फक्त तूच दिसतेस.”

ती थांबली. गोजरबाईंनी पदर सारखा केला.

“ऐका बायांनो. डोळं निळं म्हंजी काय, तर पान्यात मेलेलं पोर हाय. त्याच्या डोळ्यांत पानी साचलंय. त्याला समदं धुरकट दिसतंय, ही पोरगी तेवढी सोच्छ दिसती. का बरं? हिनं त्याला नावानं हाक मारली म्हून. मेल्या मानसाचं नाव कुनी घेत न्हाई गं. घरात समदी ‘तो’ म्हनत्यात, ‘त्याचं’ म्हनत्यात. नाव घेतलं की रडू येतं म्हून टाळत्यात. चाळीस वर्सांत पयल्यांदा कुनी त्याचं नाव घेतलं. मग दुसरं कोन दिसंल त्याला?”

दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. काकासाहेबांनी हेच पान छापखान्यात तपासलं होतं आणि ‘आख्खं’मधला आ बरोबर आहे की चूक, याच्यापलीकडे त्यांच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. ते खांब धरून उभेच राहिले. माफीनाम्याचा मसुदा कुठे गेला ते त्यांना कळलं नाही.

पुढे भंडारदऱ्याला बर्फ पडला. एक बाई म्हणाली, “पर तिथं बर्फ न्हाई पडत. आमी काजवं बघाया गेल्तो.”

“आता न्हाई पडत,” गोजरबाई म्हणाल्या. “चाळीस वर्सांमागं समदंच जास्त पडायचं.”

हे नगरच्या दुष्काळी कर्जत तालुक्यातल्या बायांना लगेच पटलं.

मग ‘त्या दोघांच्या ओठांमध्ये एका श्वासाचं अंतर उरलं’ असं वाक्य आलं आणि स्नेहल लाजून थांबली, कारण समोरच तिची सासू बसली होती. मंडपात चुळबुळ झाली. काकासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

“वाच की गं,” गोजरबाई म्हणाल्या. “अंतर उरलं म्हनतीय ना ती? मग तू कशाला लाजती?”

चौथ्या दिवसापासून काकासाहेबांनी रोज अर्ध्या दिवसाची रजा टाकायला सुरुवात केली. अर्जावरच्या ‘कारण’ या रकान्यात ‘धार्मिक’ असं लिहिलं. घरी अवाक्षर काढलं नाही. संस्कृतीला कळलं की आपलं पुस्तक लाल फडक्यात बांधून देवळात वाचतायत, तर तिला ती थट्टाच वाटेल, असा त्यांचा अंदाज होता. बायका वाढतच होत्या. ज्या विहानला काकासाहेब पुठ्ठ्याचा समजत होते तो आता मिरजगावात हिंडायला लागला. किराणा दुकानात एक बाई दुसरीला म्हणाली, “आज त्याचा हात जरा कोमट झाला म्हनं.” आणि काकासाहेबांना, जे सगळं पुस्तक वाचून बसले होते त्यांना, क्षणभर खरंच वाटलं की आज झाला असेल.

सातव्या दिवशी गोरक्षनाथ आचाऱ्याने देवळामागे दोन मोठी पातेली चढवली. आमटीचा खमंग वास मंडपात येत होता. स्नेहलने शेवटचं पान वाचलं. “विहानने ओठ उघडले. तो म्हणाला, मला ढकलणारा... आणि धुक्यानं सगळं गिळून टाकलं.”

ती थांबली. गोजरबाई वाट बघत राहिल्या.

“फुडं?”

“संपलं, आजी.”

“संपलं म्हंजी? ढकललं कुनी?”

स्नेहलने पान उलटून दाखवलं. मागे छापखान्याचा पत्ता होता.

मंडपात जे झालं त्याला गोंधळ म्हणणं कमी होईल. कुणी म्हणालं वाळवीने खाल्लं, कुणी म्हणालं पान चिकटलंय. पण मुख्य अडचण पुढेच होती. पोथी पुरी झाल्याशिवाय नारळ फुटत नाही, नारळ फुटल्याशिवाय आरती होत नाही, आणि आरतीशिवाय प्रसादाच्या पातेल्यात डाव घालता येत नाही. गोरक्षनाथ दारात येऊन म्हणाला, “आज्जे, आमटी आटाया लागली.”

“आटू दे,” गोजरबाई म्हणाल्या. “खुनी घावल्याबिगर कुनाच्या पानात काय पडायचं न्हाई.” मग त्यांनी खांबाकडे बोट केलं. “साहेब, चार दिस झालं तुमी तितं हुभं हायेत. लेक तुमची ना? जावा, तिला घिऊन या.”

काकासाहेब घरी गेले. आता बिनसलं तर वह्या कपाटावरून भंगारातच जाणार, हे त्यांना दिसत होतं. संस्कृती टेबलाशी बसली होती. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं, रकाना, शिक्का, फडकं, संकल्प, आमटी.

“तुम्ही माझं पुस्तक धार्मिकमध्ये टाकलंत?” ती म्हणाली.

“चुकलं माझं.”

“आणि सगळी गंमत बघायला गाव जमलंय.”

“गंमत नाही गं बाळा.” काकासाहेब म्हणाले. “त्या बायका थांबल्यात. त्यांना पुढचं पाहिजे.”

तिने कपाटावरच्या वह्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, “सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं? एकशे बावन्न पानं?”

“एकही उठली नाही.”

संस्कृतीने पेनाला टोपण लावलं आणि चपला घातल्या.

देवळात तिला थेट चौरंगापाशी बसवलं. साठ-सत्तर बायका तिच्याकडे बघत होत्या. काकासाहेब पुन्हा खांबापाशी गेले.

“आजी,” ती हळूच म्हणाली, “मी ठरवलंच नव्हतं कोणी ढकललं ते. मला वाटलं, धुकं टाकलं की चालून जातं.”

“चालत न्हाई,” गोजरबाई शांतपणे म्हणाल्या. “आमी सात दिस पोरात जीव गुतवून बसलो. बरं, मला एक सांग. त्याला आई हुती का?”

“असेल की.”

“असंल न्हाई. पोर हाय म्हंजी आई हुतीच. ती कुटंय तुझ्या पोथीत?”

संस्कृतीने मान खाली घातली. मागे पातेलं खदखदत होतं. काकासाहेबांना वाटलं, संपलं, आता ही उठून जाणार. तेवढ्यात त्यांनी पाहिलं की तिचे ओठ हलतायत, जेवताना हलायचे तसे.

“ती भाकरी ठेवणारी म्हातारी,” संस्कृती म्हणाली. “तीच त्याची आई.”

मंडपभर ‘आगं बया’ असा एक हुंकार गेला.

“मग नाव विहान कसं?” मागून कुणीतरी विचारलं.

“बंगल्यावरच्या मॅडमनी ठेवलं होतं,” ती जराही न अडखळता म्हणाली. “आणि त्याला कोणीच ढकललं नाही. पायऱ्या सरकारी होत्या, आणि तेरावी पायरी खचली होती. माळ्याने तीनदा अर्ज केला. कचेरीत एक कारकून होता. वाईट नव्हता, चांगला माणूस होता. त्या दिवशी त्याच्या मुलीचा वाढदिवस होता, घरी लवकर जायचं होतं. म्हणून त्याने पायरी न बघताच लिहिलं, दुरुस्ती पूर्ण. आणि सही केली. आठ दिवसांनी विहान पाण्यावर उतरला आणि त्या पायरीवरून पाण्यात गेला.”

गोजरबाईंनी सावकाश अर्थ सोडवला. “म्हंजी सहीनं मारलं.”

साठ-सत्तर माना एकदम खांबाकडे वळल्या. काकासाहेबांना सांगायचं होतं की आमच्याकडे अशी पद्धत नाही, प्रत्यक्ष पाहणी होते, पंचनामा होतो. पण त्यांना आपल्या न बघता केलेल्या दोन-तीन सह्या आठवल्या. रागही आला नाही. घरात समोर बसून जेवणारी, मीठ मागणारी ही पोर. हिला हे कुठून कळलं? एवढी मोठी गोष्ट आपल्या घरात राहते आणि आपण तिला छापखान्याची तारीख सांगत होतो.

“प्रेत सापडलं नाही. चौकशी झाली,” संस्कृती सांगत होती. आता ती कुणाकडेच बघत नव्हती. “कागद काढला. कागदावर पायरी धड होती. धड पायरीवरून कोण पडेल? म्हणून साहेबांनी लिहिलं, मुलगा मुंबईला पळून गेला. आईला तो कागद वाचून दाखवला. सरकारी कागद खोटं बोलत नाही, असं तिला वाटायचं. तेव्हापासून ती रोज भाकरी ठेवते. तो परत आला तर आधी तिथेच येऊन बसेल आणि उपाशी असेल म्हणून. चाळीस वर्षं. आणि तो रोज तिच्या शेजारी बसलेला असतो, पण तिला दिसत नाही, कारण ती जिवंत मुलाची वाट बघतेय.”

गोजरबाईंनी अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, असं नंतर स्नेहल सांगत होती. मागून आमटी करपल्याचा वास आला. गोरक्षनाथ पातेल्याकडे जायचं सोडून डाव हातात घेऊन दारातच उभा होता.

“हे सगळं कळल्यावर कायरा बंगल्याच्या स्वयंपाकघरात गेली,” संस्कृती म्हणाली. “दारात उभी राहिली. म्हातारी त्या दिवसाची भाकरी थापत होती. तिने वर बघितलं.”

आणि ती थांबली. पुढचं शोधत असावी. शांततेत एक घोगरा आवाज आला, “मग सांगितलं का तिने? आईला कळलं का?”

आवाज कुणाचा म्हणून सगळ्यांनी पाहिलं. काकासाहेबांनीही पाहिलं, आणि मग त्यांना कळलं की तो आपलाच.

संस्कृतीने मान वर केली. “सांगते ना पप्पा,” ती म्हणाली, “बसा आधी.”

गोजरबाईंनी सतरंजीवर सरकून जागा केली आणि काकासाहेब खाली बसले.